चुना की रक्त

लिफ्टवाल्या दादांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं, तेव्हा एमआरआयच्या ताईंना आधी त्यांचा पाय दिसला आणि मग माणूस ओळखू आला. डावा पाय पोटरीपासून मांडीपर्यंत सुजला होता. तो आत मावावा म्हणून विजारीची शिवण उसवून ठेवली होती. तीन आठवड्यांपूर्वी हाच माणूस आपल्या पायांनी चालत आला होता आणि मशीनचा बोगदा बघून म्हणाला होता, "एवढंच होय? आमच्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये याहून कमी जागा असते."

एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. एक दिवस लिफ्टच्या टपावर बसून काम करताना त्यांनी खालच्या माणसाकडे हात केला आणि 'पाना दे' म्हणायला गेले, तर 'पाना' हा शब्दच सापडेना. बोटांनी पिळायची खूण केली. खालचा माणूस हसला, तेही हसले. पुढच्या आठवड्यात त्यांना फिट आली आणि डोक्याच्या डाव्या बाजूला गाठ सापडली.

"पायाला काय झालं?" ताईंनी विचारलं.

उत्तर त्यांच्या बायकोने, वहिनींनी दिलं. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून तिचं आयुष्य गेलं होतं, आणि कामाइतकंच तिचं बोलणंही भरभर होतं. "गुठळी झालीय रक्ताची. डोक्यात गाठ, पायात गुठळी. जन्मभर दुसऱ्यांचे अडकलेले डबे मोकळे केले आणि स्वतःच्या शिरा तुंबवून बसलेत."

दादांना हसू आलं आणि पाठोपाठ उचकी आली.

"उचकी परत सुरू झाली?"

"परत कसली, ताई. तीच आहे, मागच्या वेळची. मध्ये मध्ये थांबते, जेवायला जात असावी."

मेंदूची सूज उतरावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनी ही उचकी लागली होती. अशा गोळ्या घेणाऱ्या काहीजणांना ती लागते, हे ताईंना माहीत होतं. वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. "सगळे सांगतात, कोणीतरी आठवण काढतंय. तीन आठवडे न दमता यांची आठवण काढणारी कोण आहे, ते मला एकदा कळू दे."

ताईंनी खिसे तपासायला सांगितले. किल्ल्या, नाणी, पट्ट्याचं बक्कल, सगळं डब्यात गेलं. दहा दिवसांनी ऑपरेशन होतं. शल्यविशारदाला गाठीपर्यंत नेमकं कुठून जायचं ते ठरवता यावं, म्हणून आज नकाशासारखे फोटो काढायचे होते. वीस मिनिटांचं काम.

"आणि हे आटपलं की वर वॉर्डात," वहिनी म्हणाल्या. "चार वाजता रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करणार आहेत. गुठळी सुटून छातीत गेली तर अवघड होईल म्हणाले."

"डोकं कसं आहे?"

"परवापासून जास्त दुखतंय," दादा म्हणाले. "सांगितलं मी. गाठ आहे म्हटल्यावर दुखणारच, असं म्हणाले. तेही खरंच आहे."

ताईंचा हात कागदावर थांबला. मागच्या वेळी या माणसाचे फोटो त्यांनीच काढले होते, आणि त्या दिवसाची एक गोष्ट तेव्हापासून त्यांच्या मनात सलत होती.

त्या दिवशी शेवटचा फोटो रक्ताचा होता. गाठीत रक्त झिरपलं असेल, तर या फोटोत ते काळं दिसतं. पण हा फोटो फार नाजूक असतो. माणसाला पाच मिनिटं दगडासारखं पडून राहावं लागतं. दादांना नेमकी तेव्हाच उचकी लागली होती आणि सगळा फोटो ओल्या शाईवरून हात फिरवावा तसा फिसकटला होता. बाहेर सहा पेशंट खोळंबले होते. ताईंनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. 'हालचालीमुळे अस्पष्ट' असं लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. लिहिलं ते खरंच होतं. पण खरं लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही, हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

त्यांनी पडद्यावर जुना रिपोर्ट उघडला. तेव्हाच्या सीटी स्कॅनच्या फोटोत गाठीच्या मधोमध एक पांढरा ठिपका होता. त्याबद्दल एकच ओळ होती: 'कॅल्शियमचा साठा असावा.' म्हणजे चुना. काही गाठींत चुना धरतो आणि त्याने काही बिघडत नाही. पण सीटीत ताजं रक्तही पांढरंच दिसतं. चुना असेल, तर चार वाजताचं इंजेक्शन योग्यच होतं. रक्त असेल, तर तेच इंजेक्शन झिरपणाऱ्या नळाची तोटी उघडल्यासारखं झालं असतं.

'असावा'. ताईंनी तो शब्द दोनदा वाचला. मग दादांना आणि वहिनींना म्हणाल्या, "पाच मिनिटं बसा. मी आलेच."

रिपोर्ट लिहिणारे मोठे डॉक्टर दोन खोल्या पलीकडे अंधारात बसत. माणूस सरळ होता, पण सकाळपासून चाळीस जणांचे फोटो वाचणाऱ्या माणसाकडे सरळपणा तरी किती शिल्लक राहणार. ताई दारात उभ्या राहिलेल्या दिसताच त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. या बाईंना विभागात सगळे पाठीमागे 'चिकटपट्टी' म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. ताईंनाही ठाऊक होतं.

"बोला."

ताईंनी सांगितलं. डॉक्टरांनी जुने फोटो समोर घेतले.

"काठ स्वच्छ आहेत. मला हा चुनाच वाटतो."

"वाटतो, सर. रक्ताचा फोटो असता तर नक्की सांगता आलं असतं."

"अहो ताई, निदान करायचं काम माझं आहे."

"निदान मी करतच नाहीये. हा फोटो अपुरा आहे एवढंच सांगतेय, आणि फोटो पुरा करायचं काम माझं आहे. त्या दिवशी मी ते केलं नाही. माझी चूक होती."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. चूक झाली असं न विचारता सांगणारी माणसं त्या इमारतीत रोज भेटत नसत.

"डोकेदुखी वाढलीय, परवापासून," ताई म्हणाल्या. "आणि चार वाजता रक्त पातळ करायला सुरुवात होणार आहे."

"हे आधी सांगायचं ना." त्यांनी एका कागदावर काहीतरी खरडलं. "नकाशाच्या फोटोंच्या आधी हा जोडून घ्या. पण यादी अडवू नका. तिकडची बाई माझ्या डोक्यावर बसते."

ती बाई म्हणजे यादीवाली. दिवसभराचे पेशंट मिनिटामिनिटाने लावणारी. तिच्या यादीतलं एक मिनिट कोणी उचललं तरी तिला लगेच कळे.

ताईंनी दादांना टेबलावर घेतलं, सुजलेल्या पायाखाली उशी दिली, कानांत बोळे घातले, डोक्याभोवती प्लॅस्टिकचा पिंजरा बसवला आणि हातात रबरी फुगा दिला. काही त्रास झाला तर तो दाबायचा, की बाहेर घंटा वाजते. मग काचेपलीकडे जाऊन बसल्या.

"दादा, पाच मिनिटं. हलायचं नाही."

"माझ्याकडून नक्की. उचकीचं तिला विचारा."

दोन मिनिटं बरी गेली. तिसऱ्या मिनिटाला काचेतून दिसलं, छाती एकदम वर उडाली. मग आणखी एकदा. पडद्यावर मागच्यासारखाच फिसकटलेला फोटो आला. ताईंनी पुन्हा सुरू केलं. या वेळी उचकीने तेवढीही उसंत दिली नाही.

यादीवाली दारात आली. "अकरा वाजून गेले. बाहेर बाई बसल्यात, त्यांना परत कामावर जायचंय."

"घेते त्यांना. यांचं काम अर्धं राहिलंय, तेवढं लक्षात ठेव."

"नकाशाचे तरी काढून टाका आणि पाठवा वर. मागच्या वेळी असंच केलं होतंत की."

"म्हणूनच या वेळी नाही करणार."

नकाशाचे फोटो त्यांनी काढले. ते जरासं हललेलं चालवून घेतात. मग दादांना बाहेर खुर्चीत बसवलं आणि वहिनींना स्पष्ट सांगितलं, "मला अजून एक फोटो हवाय. उचकीमुळे येत नाहीये. तुम्ही वर गेलात तर आज परत नंबर लागणार नाही. थांबाल का?"

"कशाचा फोटो?"

"गाठीत एक ठिपका आहे. तो चुन्याचा आहे की रक्ताचा, ते बघायचंय. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. आतापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर जे चेष्टेचं पांघरूण होतं, ते थोडं सरकलं. "रक्ताचा असला तर?"

"तर चार वाजताचं इंजेक्शन द्यायचं की नाही, याचा वर पुन्हा विचार करतील. आत्ताच घाबरू नका. आत्ता आपल्याला काहीच माहीत नाही, आणि अडचण तीच आहे."

"थांबतो," दादा म्हणाले. "मला कुठे घाई आहे. लिफ्ट बंद असल्या तरी लोक जिने चढतात."

पुढच्या पेशंटला आत घेता घेता ताईंनी वॉर्डात फोन लावला. तिथली डॉक्टर तरुण होती आणि तिचा आवाज दोन दिवस झोप न झालेल्या माणसाचा होता.

"उचकीचं औषध देता येईल का, डॉक्टर? आणि फोटो होईपर्यंत इंजेक्शन थांबवता येईल का?"

"ताई, गुठळी मांडीपर्यंत गेलीय. सुटून फुप्फुसात गेली तर पाच मिनिटांत माणूस जाईल. तेव्हा मला कोणी विचारणार नाही की फोटो चांगला आला होता का."

"बरोबर आहे तुमचं." ताईंनी मुद्दाम हळू उत्तर दिलं, कारण ती मुलगी खरंच बरोबर बोलत होती. "म्हणूनच उद्या बघू असं म्हणत नाहीये मी. आजच, चारच्या आत. उचकी थांबली तर माझं काम पाच मिनिटांचं आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "गोळी पाठवते. तासाभराने गुण येईल, आला तर. चारपर्यंत थांबेन. सव्वाचारला मी इंजेक्शन देणार."

"चालेल."

गोळी आली, दादांनी घेतली. ताईंनी दोन पेशंट उरकले. एकीकडे मशीनचा खडखडाट चालू होता आणि दुसरीकडे ताई कागदावर हिशोब मांडत होत्या. पूर्ण डोक्याचा फोटो पाच मिनिटं घेतो. पण पूर्ण डोकं हवंय कुणाला. फक्त गाठीच्या उंचीएवढा भाग घेतला, फोटोचे काप जरा जाड ठेवले, बारकावा थोडा सोडला, तर? एक मिनिट पन्नास सेकंद. देखणा फोटो येणार नाही, पण काळ्याचं काळं आणि पांढऱ्याचं पांढरं दिसेल. त्यांनी आणखी एक गोष्ट बघून ठेवली. दादांच्या डोक्यात दुसरीकडे, अगदी मध्यभागी, चुन्याचा एक दाणा होता. बहुतेक मोठ्या माणसांच्या डोक्यात तो तिथे असतोच. फोटोची उंची त्यांनी तेवढी वाढवली, म्हणजे तोही त्यात येईल आणि गाठीतला ठिपका त्याच्याशी ताडून बघता येईल.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. यादीवाली डबा घेऊन निघाली. ताईंनी आपला डबा कपाटात ठेवला आणि बाहेर आल्या. दादा भिंतीकडे बघत बोटं मोजत बसले होते.

"कमी झालीय का?"

"थांबली नाही, पण शिस्तीत आलीय," दादा म्हणाले. "गोळीच्या आधी वाट्टेल तेव्हा यायची. आता सात-आठ येतात आणि मग गप्प बसते. मी मोजतोय. शाफ्टमध्ये अंधारात मजले मोजायची सवय आहे ना. गप्प बसते ती दीड मिनिट, कधी दोन, एकदा तर अडीच."

"मला एक मिनिट पन्नास सेकंद हवेत."

"काठावर आहे."

"हो, काठावर आहे. पण सातवी-आठवी उचकी कधी संपली, ते मला बाहेरून नीट कळत नाही. तुम्हाला कळतं?"

"आतून कळतं. शेवटची आली की इथे," त्यांनी बरगडीखाली हात ठेवला, "दोर सैल सोडल्यासारखं होतं."

"मग तो फुगा त्रासासाठी नाही दाबायचा. दोर सैल झाला की दाबायचा. घंटा वाजली की मी त्याच क्षणी सुरू करते."

"आणि खरंच त्रास झाला तर?" वहिनींनी विचारलं.

"तर दोनदा दाबतील."

त्यांनी दादांच्या गुडघ्यांखाली उशा लावून पाय थोडे वर घेतले, म्हणजे पोटावर ताण येणार नाही. वहिनी काचेपलीकडे ताईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. नियमाने त्यांना तिथे थांबता येत नव्हतं, पण नियम सांगणारी बाई जेवायला गेली होती.

घंटा वाजली. ताईंनी बटण दाबलं. मशीन धडधडायला लागलं. एक मिनिट गेलं, एक मिनिट दहा, आणि छाती उडाली. फोटो गेला.

"काही हरकत नाही, दादा. पुन्हा."

सात-आठ उचक्या येऊन जायची वाट पाहिली. घंटा. या वेळी चाळीस सेकंदांतच गेला.

तिसऱ्या वेळी घंटा वाजलीच नाही. चार मिनिटं झाली. ताईंनी माइकवरून विचारलं, "दादा, काय झालं?"

"मला वाटलं दोर सैल झाला, मग वाटलं नाही झाला." आवाज दमलेला होता. "ताई, डोकं फार दुखतंय आडवं पडून."

"थांबवायचं का?"

वहिनी माइकजवळ वाकल्या. "अहो. रक्त आहे की नाही, ते कळल्याशिवाय मी तुम्हाला ते इंजेक्शन घेऊ देणार नाहीये. आणि घेतलं नाहीत तर पायाची गुठळी आहेच. तेव्हा काय ते ठरवा लवकर, मला उभं राहवत नाही."

आतून हसल्याचा आवाज आला. हसण्याने आणखी चार उचक्या आल्या. मग एकदम शांत झालं आणि घंटा वाजली.

ताईंनी बटण दाबलं. या वेळी त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या, दादांच्या छातीकडे बघत होत्या. छाती हळू वर जात होती, हळू खाली येत होती. वहिनींनी ताईंच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. एक मिनिट. दीड मिनिट. मशीनने शेवटचे ठोके दिले आणि थांबलं. त्यानंतर चारेक सेकंदांनी छाती उडाली.

"मिळाला," ताई म्हणाल्या. "दादा, फोटो मिळाला."

त्या फोटोत गाठीच्या मध्यभागी एकाऐवजी तीन काळे डाग होते. काळा दिसला म्हणजे लगेच रक्त असं नाही, कारण या फोटोत चुनाही काळाच येतो. पण मशीन त्याच फोटोची आणखी एक प्रत काढतं, आणि तिच्यात दोघांची फाटाफूट होते. रक्तातल्या लोहाला चुंबक एका बाजूने ओढतं आणि चुन्याला उलट्या बाजूने ढकलतं, म्हणून त्या प्रतीत एक काळा येतो आणि एक पांढरा.

ताईंनी ती प्रत डॉक्टरांच्या पडद्यावर पाठवली आणि स्वतः मागोमाग गेल्या. डॉक्टर तिथेच बसून जेवत होते. हातातला घास त्यांनी परत डब्यात ठेवला.

"हा मधला दाणा," ताई म्हणाल्या, "हा चुना आहे, यात वाद नाही. सगळ्यांच्या डोक्यात असतो."

"हं. पांढरा आलाय."

"आणि गाठीतले हे तीन?"

डॉक्टरांनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. तीनही डाग काळेकुट्ट होते.

"चुना असता तर दाण्यासारखाच पांढरा आला असता," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग खुर्ची मागे ढकलून उठले. "रक्त आहे. पेशंटला लगेच सीटीला घ्या. तीन आठवड्यांपूर्वी एक ठिपका होता, आज किती आहेत ते बघू."

सीटीला दोन मिनिटंही लागली नाहीत. जुना पांढरा ठिपका जवळजवळ दुप्पट झाला होता आणि त्याच्या शेजारी दोन नवे उमटले होते. चुना तीन आठवड्यांत असा वाढत नाही.

दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी स्वतः वॉर्डात फोन लावला. ताई दारात उभ्या होत्या, त्यांना एकच बाजू ऐकू येत होती. "नाही, 'असावा' नाही. आहे. गाठीत रक्तस्राव आहे आणि तो वाढतोय… हो, गुठळीची काळजी मलाही आहे. पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी बसवू, म्हणजे सुटली तरी वर जाणार नाही… आज संध्याकाळी किंवा उद्या सकाळी. मी सांगतो त्यांना… मागचा रिपोर्ट? मागचा रिपोर्ट माझा होता."

फोन ठेवून ते पडद्याकडे वळले. ताईंकडे न बघताच म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

"नाही अजून."

"जा, जेवून घ्या. यादीवालीला मी सांभाळतो."

वहिनींना ही बातमी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनेच खाली येऊन सांगितली. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि मग भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या, "चला. डोक्यात रक्त, पायात गुठळी. उलटं असतं तर बरं झालं असतं, पण तुम्ही कधी सरळ काम केलंय."

त्या तरुण डॉक्टरने जाता जाता ताईंना गाठलं. "मी सव्वाचारला दिलं असतं," ती म्हणाली. एवढंच बोलली.

"मीही मागच्या वेळी तसंच पाठवलं होतं वर," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी बसली. ऑपरेशन दहा दिवसांवरून तिसऱ्या दिवशी ओढलं. ते सहा तास चाललं. गाठीच्या आत जुनं काळपट आणि नवं लाल, दोन्ही रक्त सापडलं. गाठ बरीचशी निघाली, सगळी नाही. शब्दांच्या जागेला ती इतकी चिकटून होती, की थोडीशी मागे ठेवावी लागली. तपासणीत ती वाईट जातीची निघाली. अगदी वाईट नव्हे, पण वाईटच. पुढे किरणं होती, गोळ्या होत्या.

ताईंना हे सगळं तुकड्यातुकड्याने कळलं, कारण पेशंट वर गेला की खालच्यांना सहसा काही कळत नाही. मधल्या काळात त्यांनी स्वतःचं एक काम हाती घेतलं होतं. रक्ताचा फोटो हलला, तर 'अस्पष्ट' लिहून पेशंट सोडायचा नाही. त्याच दिवशी दुसरी वेळ द्यायची, आणि छोटा, कमी वेळाचा फोटो मशीनमध्ये आधीच भरून ठेवायचा. त्यासाठी यादीत रोज वीस मिनिटं मोकळी हवी होती.

यादीवालीने पहिल्यांदा साफ नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाली, बघू. विभागाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा प्रमुखांनी विचारलं, रोज वीस मिनिटं म्हणजे महिन्याला किती पेशंट कमी होतील? ताईंनी आकडा सांगितला. तो त्यांनी पाठच केला होता. मग गेल्या सहा महिन्यांत किती फोटो 'अस्पष्ट' म्हणून वर गेले, तोही आकडा सांगितला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

"यातले किती महत्त्वाचे होते?" प्रमुखांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही," ताई म्हणाल्या. "फोटोच नाहीयेत ना."

निर्णय तीन बैठका लांबला. तीनही बैठकांना ताई तोच कागद घेऊन गेल्या. तिसऱ्या बैठकीत, कोणाला अपेक्षा नसताना, यादीवालीने सांगितलं की दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं निघू शकतील, तिने जुळवून पाहिलंय. पुढच्या सोमवारपासून ती वीस मिनिटं निघाली.

दादा तीन महिन्यांनी तपासणीला आले. डोक्यावर टोपी, अंग सैल पडलेलं, पण चालत. बोलणं सावकाश झालं होतं. मध्येच एखाद्या शब्दाशी थांबायचे आणि तो नाही सापडला तर शांतपणे दुसरा शोधायचे. शिडीवर चढायला आणि शाफ्टमध्ये उतरायला त्यांना कायमची मनाई झाली होती. कंपनीने त्यांना फोनवर बसवलं होतं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतून बटण दाबतात, तो फोन आता दादांकडे येई.

"जमतंय का?" ताईंनी विचारलं.

"पहिल्या दिवशी नाही जमलं. बाई घाबरली होती आणि मला 'दरवाजा' म्हणायचं सुचेना. मग मी म्हटलं, समोर जे उघडतं त्याला हात लावू नका." ते थांबले. "कळलं तिला. पंचवीस मिनिटं बोलत होतो आम्ही. सुटका झाल्यावर म्हणाली, तुम्ही सावकाश बोललात म्हणून बरं वाटलं."

या वेळी उचकी नव्हती, पूर्ण पाच मिनिटांचा फोटो पहिल्याच वेळी आला. रिपोर्टवाल्या डॉक्टरांनी तो ताईंसमोरच वाचला. नवं रक्त नव्हतं. कापलेल्या कडेला एक जागा थोडी उजळ होती. किरणांनी आलेली सूज असू शकेल किंवा गाठ परत धरत असेल, आज सांगता येणार नव्हतं.

डॉक्टर ते सांगायला स्वतः बाहेर आले. वहिनींनी सरळ विचारलं, "मग कधी सांगता येईल?"

"सहा आठवड्यांनी परत फोटो काढू. तेव्हा शेजारी शेजारी ठेवून बघता येईल."

"सहा म्हणजे सहा," वहिनी म्हणाल्या. "तारीख आत्ताच द्या. सातव्या आठवड्यावर जाऊ देणार नाही मी."

यादीवालीने वही ओढली, पानं उलटली आणि तारीख-वेळ सांगितली. दादांनी खिशातून छोटी वही काढली. हल्ली ते सगळं लिहून ठेवत. पेन्सिलीने तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि विचारलं, "सकाळी ना?"

"सकाळी साडेनऊ," ताई म्हणाल्या. "मीच असेन."